मन नवे झाले म्हणता, मग जात का विचारता?

उपासकाळ आला की बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत उज्जीवन सभांची पत्रके वाटली जातात. मांडव, कीबोर्ड, लाऊडस्पीकर. लोक रडतात, हात उंचावतात, ‘माझे मन नवे झाले’ अशी साक्ष देतात. माझे भांडण सभांशी नाही. ते आहे त्याच लोकांशी, जे पुढच्या महिन्यात मुलीसाठी स्थळ बघताना हळूच विचारतात, "मूळचे कोण हो ते?"

(नातेवाईक मंडळी, हो, हे तुम्हालाच उद्देशून आहे. रागवा खुशाल, पण शेवटपर्यंत वाचा.)

रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात संत पौल मन नवे होण्याविषयी लिहितो. तिथे मूळ ग्रीक शब्द आहे ‘नूस’. म्हणजे समज, बुद्धी, विचार करण्याची रीत. डोळ्यांतल्या पाण्याचा तिथे उल्लेखही नाही! आणि त्याच वाक्यात तो बजावतो, की या युगाच्या साच्यात बसू नका. आपल्याकडच्या त्या साच्याचे नाव जात.

आपल्याच घरची उदाहरणे घ्या. ना. वा. टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला 1900 साली. मधल्या काळात त्या सोवळे पाळत होत्या. जातिभेद देवाने केला नसून माणसाने केला, हे स्वतः विचार करून पटले तेव्हा त्यांनी विटाळ टाकला. बाप्तिस्मा त्यानंतर आला. पंडिता रमाबाईंचे उलटे. बाप्तिस्मा 1883 साली, इंग्लंडात. पण आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला आणखी आठेक वर्षे लागली, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले. क्रम कसाही असो, दोघींनी मनाचे काम टाळले नाही. आपण मात्र पाळण्यात बाप्तिस्मा घेऊन मोकळे!

यावर ठरलेले उत्तर येते, ‘जात नव्हे हो, चालीरीती जुळाव्यात म्हणून.’ असे? मुलगा केरळचा किंवा गोव्याचा असला, भाषा, जेवण सगळे वेगळे असले, तरी चालीरीती आड येत नाहीत. त्या अडतात शेजारच्या बाकावर बसून आपल्याच भाषेत गीते म्हणणाऱ्या मुलापाशी, कारण त्याचे पणजोबा नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यातून आले.

त्या मुलाची अवस्था पाहा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे त्याला अनुसूचित जातीचा दाखला नाही. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्या आदेशात आले, ख्रिस्ती आजही बाहेर. सरकारदरबारी सांगतात, ख्रिस्ती माणसाला जात नसते. तुमच्या बैठकीत कळते, असते! दोन्हीकडून मार त्यालाच.

असो. या उपासकाळात मटण सोडले नाही तरी चालेल. बायोडाटातला तेवढा एक रकाना सोडा.