चिठ्ठीतली दया

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की जिंतूरच्या बाजारपेठेत एक युक्तिवाद हमखास कानी पडतो. ‘सगळेच कॉपी करतात, मग आमच्याच पोराने प्रामाणिक राहून नापास का व्हावे?’ असे म्हणणारे लोक लबाड नसतात. कोरडवाहू शेतीत पोटाला चिमटा घेऊन शिकविलेला मुलगा इंग्रजी-गणितात अडतो. मुलगी नापास झाली की तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. अशा पालकाला खिडकीतून आत गेलेली चिठ्ठी लबाडी वाटत नाही, दया वाटते. म्हणून हा युक्तिवाद हसण्यावारी नेता येणार नाही.

पण ही दया पडते कोणाच्या पदरात? वर्षभर गणित न शिकविणाऱ्या शाळेचा निकाल त्या चिठ्ठीने वाचतो. मुलाचे गणित कच्चे ते कच्चेच राहते.

शेजारच्या नांदेडने हे उघड्यावर आणले. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी 2010च्या परीक्षेत कॉपी कठोरपणे रोखली. निकाल घसरला, ओरड झाली. त्याच जिल्ह्यात शाळांच्या पटावरील नावे प्रत्यक्ष मुलांशी ताडून पाहिली गेली, तेव्हा पटही खोटे निघाले. मग 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या काळात राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून चिमुकल्यांच्या बोटांना शाई लावावी लागली! विद्यामंदिरावर याहून मोठी नामुष्की ती कोणती? पटावर असलेले सुमारे 20 लाख विद्यार्थी वर्गात आढळले नाहीत. खोटा निकाल पचविणाऱ्या व्यवस्थेला खोटा पट काय जड होता?

आणि हे चक्र तेथेच थांबले नाही. शिक्षक होण्यासाठी द्यावयाच्या पात्रता परीक्षेतील गुण पैसे घेऊन वाढविल्याचे प्रकरण 2021च्या डिसेंबरात पुणे पोलिसांनी उघडकीस आणले. परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली. 2022मध्ये 7 हजार 800हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. चिठ्ठीला दया म्हणणाऱ्या पालकाने विचार करावा, आपल्या नातवाच्या वर्गात उद्या फळ्यापाशी कोण उभे राहणार आहे?

पतंजलींच्या यमांत अहिंसेनंतर सत्य आणि सत्यानंतर अस्तेय येते. जिंतूरलगतच्या नेमगिरीवर ज्या तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, त्यांच्या पंचमहाव्रतांतही हाच क्रम आहे. कॉपी ही एकाच वेळी सत्य आणि अस्तेय या दोहोंना तिलांजली आहे. कोणाला ही पुराणातली वांगी वाटतील. वाटोत बापडी!

कायदा तर 1982पासून आहे. तरीही 2025मध्ये मंडळाला पुन्हा कॉपीमुक्त अभियान राबवावे लागले. भरारी पथक केंद्रावरून गेले की चिठ्ठ्या परत येतात, कारण खिडकीखाली उभे असतात ते आप्तस्वकीयच.

त्यांनी तेथून घरी जावे. पहिल्या वर्षी निकाल पडेल, पडू द्यावा. मग नापास मुलांची यादी हाती घेऊन गावाने संस्थाचालकांच्या दारात उभे राहावे आणि विचारावे, वर्षभरात गणिताचे तास किती झाले? चिठ्ठ्या पुरविणाऱ्या गावाला हा प्रश्न विचारण्याचे तोंड राहत नाही, हे संस्थाचालक पक्के जाणून आहेत.