तुझं तू बोल, माझं मी बोलतो

चित्र नाही, आवाज नाही, गोळीबार नाही, असेही कॉम्प्युटरवरचे खेळ असतात हे आमच्या निम्म्या नातेवाइकांना अजून खरं वाटत नाही. पडद्यावर नुसता परिच्छेद येतो. तुम्ही बंदरावर उभे आहात, उत्तरेला बाजार आहे, समोर एक म्हातारा जाळं विणतो आहे. आता तुम्ही काय करता ते टाइप करा. तो म्हातारा म्हणजे कॉम्प्युटर नव्हे बरं का, तोही कुठेतरी बसलेला तुमच्याआमच्यासारखा माणूस. तो काय उत्तर देईल, हे तुम्ही बोलेपर्यंत त्यालाही माहीत नसतं.

देवबागला आमच्या ताईचा मुलगा हे खेळतो. एकीकडे समुद्र, दुसरीकडे कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमचं गाव. दिवसा पर्यटकांच्या खोल्या आवरायला आईला मदत करायची, पाहुण्यांना होडीच्या वेळा सांगायच्या, आणि रात्री हा गडी एका न पाहिलेल्या शहरात जकात अधिकारी! (लाच घेतो. मी विचारलं तर म्हणाला, "मामा, कॅरेक्टरच तसा आसा.") ताई म्हणते, "रातभर कोणाक काय लिवता, देवाक म्हायत." काकांचं म्हणणं, हे खोटं जग, पोरं खऱ्या जगातून पळ काढतात. मला दोघांचंही पटत नाही. का ते जरा सविस्तर सांगतो, कारण गेल्या महिन्यात प्रकरण जेवण टाकण्यापर्यंत गेलं होतं.

मुळात हा प्रकार नवा नाही. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ साली इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात असा पहिला खेळ लिहायला घेतला, पुढे रिचर्ड बार्टलने तो वाढवला. त्याचं नाव मड. तिथे खजिना शोधायचा, मारामाऱ्या करायच्या. १९८९ साली अमेरिकेत कार्नेगी मेलनमधे जिम अ‍ॅस्पनिसने टायनीमड काढला आणि त्यातून मारामारी, गुण वगैरे जवळजवळ काढूनच टाकलं. उरलं काय? लोक, जागा आणि बोलणं. मला वाटतं खरी गंमत तिथून सुरू झाली. जिंकायचं काहीच नसताना माणसं रात्र रात्र बसून काय करतात? सोंग घेतात आणि एकमेकांशी बोलतात.

आता काकांनी सोंगाला नावं ठेवावी याचं मला हसू येतं, कारण जत्रेतला एक दशावतार ते चुकवत नाहीत.

२०२५ मधे दिलीप प्रभावळकरांचा 'दशावतार' सिनेमा आला, तेव्हापासून शहरातले मित्र मला या खेळाबद्दल विचारतात. त्यांना एक गोष्ट सांगितली की विश्वास बसत नाही. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. आख्यान कुठलं लावायचं ते ठरतं, कोण राजा, कोण राक्षस, कोण राणी (राणी अर्थातच पुरुष) ते ठरतं, कथा कुठून कुठे न्यायची तेवढं बोलून घेतात, बस्स. पुढे पहाटेपर्यंत जे चालतं ते तिथल्या तिथे. रंगमंचावर एक बाकडं, तेच सिंहासन. सुरुवातीला काळ्या कपड्यातला संकासुर येऊन मालवणीत सगळ्यांची फिरकी घेऊन जातो, त्यालाही कोणी कागद दिलेला नसतो. आणि संयुक्त दशावतार असेल तर वेगवेगळ्या मंडळांतले नट एकत्र येतात, तालमीशिवाय, आणि लोक मुद्दाम ती जुगलबंदी ऐकायला जातात. (हल्ली ट्रिकसीनवालेही प्रयोग होतात, धूर, लायटी, वगैरे. मला विचाराल तर चित्रांचे खेळ आणि शब्दांचे खेळ यांतला फरक तिथेच आहे. असो.)

अशा नाटकाचा एकच कडक नियम आहे. दुसऱ्याचं तुम्ही बोलायचं नाही. राजाने राक्षसाला आव्हान द्यावं, पण राक्षस घाबरला की नाही ते राक्षस सांगणार. चांगला नट समोरच्याला धागा देऊन थांबतो. वाईट नट स्वतःचंही बोलतो आणि समोरच्याला बोलायला जागाच ठेवत नाही, मग समोरचा मुकुट घालून नुसता उभा.

भाच्याच्या खेळात हुबेहूब हाच नियम आहे. 'मी तुझा हात धरायला पुढे होतो' असं लिहायचं, 'मी तुझा हात धरला आणि तू ओरडलास' असं नाही. धरू द्यायचा की झटकायचा ते तुमचं. आणि गेल्या महिन्यात नेमकं हेच मोडलं. भर बाजारातला प्रसंग चालू होता, दहा-बारा जण हजर. त्यातल्या एकाने सरळ लिहून टाकलं, की जकात अधिकारी गुडघे टेकतो, रडतो आणि सगळ्या चोऱ्या कबूल करतो. बाकीचे हसले, गोष्ट पुढे सरकली. पोरगा फोन टाकून उठला, तो दोन दिवस धड जेवला नाही.

ताई म्हणाली, "खोटा मां ता? मगे जेवक काय झाला?" तो एवढंच म्हणाला, "माजा बोलणा त्येनी लिवल्यान."

मला वाटतं त्याचा राग अगदी योग्य होता. १९९३ साली अमेरिकेत याहून फार भयंकर घडलं होतं. लॅम्डामू नावाचं असंच शब्दांचं घर पावेल कर्टिसने १९९० साली झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात उभं केलं होतं. त्याच्या दिवाणखान्यात एका पात्राने छोटा प्रोग्राम वापरून इतरांच्या पात्रांच्या नावावर घाणेरडी लैंगिक कृत्यं पडद्यावर उमटवली. कोणाच्या अंगाला बोट लागलं नव्हतं. तरी त्यांतल्या एका बाईने नंतर पत्रकार ज्युलियन डिबेलला सांगितलं, की निषेधाचे शब्द टाइप करताना आपण रडत होतो. त्याचा लेख त्याच वर्षी व्हिलेज व्हॉइसमधे आला. त्या पात्राला शेवटी काढून टाकलं, आणि तिथल्या रहिवाशांना अर्ज करून मतदानाने नियम ठरवता येतील अशी सोय झाली.

म्हणजे 'खोटंच तर आहे' हे वाक्य दोन्हीकडून लंगडं आहे. काका ते खेळाला हिणवायला वापरतात, तो दांडगट त्याच वाक्यामागे लपतो. सोंग खोटं, पण ते सोंग घेऊन तुमच्याशी बोलणारा माणूस खरा, आणि त्याने तुमचं ऐकलं की नाही ऐकलं, हेही खरं. दशावतारी नटाबद्दल आमच्याकडे म्हणतात, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. हे काही हिणवून म्हणत नाहीत. बोजा उचलणाऱ्याला रात्री राजासारखं बोलता येतं, यात कोणाला फसवणूक दिसत नाही. २०२२ साली सुधीर कलिंगण गेले, त्यांना तर लोक 'लोकराजा' म्हणत.

एका बाबतीत मात्र ताईची काळजी मला मान्य आहे. जत्रेत नट कोणाचा कोण ते सगळ्या गावाला माहीत असतं, मंडळाचा मालक बाजूला बसलेला असतो, आगाऊपणा केला तर तिथेच कान धरला जातो. खेळात समोर कोण आहे, किती वयाचा आहे, काही कळत नाही. त्यासाठी मी भाच्याला सांगितलं, प्रसंग नकोसा झाला तर सोंग उतरवून सरळ लिहायचं, थांब. न थांबणाऱ्याबरोबर परत खेळायचं नाही. त्याला हे आधीच माहीत होतं म्हणे, त्यांच्याकडे तशी पद्धतच आहे.

चौथ्या दिवशी त्याने खेळाबाहेरून त्या माणसाला लिहिलं, मग खेळ चालवणाऱ्यांना. ती ओळ झालीच नाही असं ठरलं. जकात अधिकारी कामावर रुजू आहे, लाचही चालू आहे. ताईने रात्री अकराची वेळ घालून दिली आहे, बारावीचं वर्ष आहे, तेव्हा मी त्यात पडलो नाही. काकांनी परवा हळूच विचारलं, त्या शहरात संकासुर आहे का, आणि नसेल तर मालवणीत बोललेलं चालतं का.