पुढच्या दाताची घाई

समोरचा एखादा दात गेला की माणूस प्रथम हसणे सोडतो. बोलताना हात नकळत ओठांशी जातो, छायाचित्रात तोंड मिटलेले राहते. म्हणूनच दाढ पडली तर वर्षभर स्वस्थ बसणारी मंडळी पुढच्या दातासाठी मात्र आठवड्याभरात उपाय मागतात. 'साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे, तोवर इम्प्लांटवर सिरॅमिकचा दात बसेल ना?' हा प्रश्न दंतवैद्याआधी अनेकदा कुटुंबाच्या डॉक्टरलाच विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या दाताची रचना समजून घेऊ.

इम्प्लांट म्हणजे दात नव्हे, ते दाताचे कृत्रिम मूळ. टायटॅनियमचा लहानसा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवतात. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनमार्क यांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडांचा अभ्यास करताना आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे रोपण केले. हाड आणि धातू यांच्या या मीलनाला सामान्यतः तीन ते सहा महिने लागतात. त्यानंतर स्क्रूवर जोडभाग आणि जोडभागावर कॅप बसते. काही निवडक रुग्णांना त्याच दिवशी तात्पुरता दात देता येतो, परंतु तो चावण्यासाठी नसतो. इतरांना मधल्या काळात काढता-घालता येणारा दात मिळतो. समारंभापुरते तेवढे पुरेसे असते. तारखेसाठी हाडाला घाई करू नये.

पुढच्या दातासाठी सिरॅमिकच का? नैसर्गिक दातातून प्रकाश थोडा आरपार जातो. जुन्या पद्धतीच्या, आत धातू असलेल्या कॅपमध्ये हे साधत नाही. शिवाय हिरडीलगत कालांतराने काळसर रेघ दिसू लागते. झिर्कोनिया किंवा लिथियम डायसिलिकेट यांची कॅप रंगाने शेजारच्या दाताशी अधिक जुळते. मात्र उत्तम कॅपलाही हाडाची आणि हिरडीची साथ लागते. वरच्या पुढच्या दातांवरील हाडाची बाहेरची भिंत फार पातळ असते आणि दात काढल्यावर काही महिन्यांतच ती झिजते. हाड खचले की हिरडी वर सरकते आणि नवा दात शेजाऱ्यापेक्षा लांब दिसतो. म्हणून दात काढावाच लागणार असेल, तर पुढची योजना काढण्यापूर्वीच ठरवावी. कधी हाडाची भर घालावी लागते. त्याचा वेळ आणि खर्च आधीच विचारून घ्यावा.

पालकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. चेंडू लागून चौदा वर्षांच्या मुलाचा दात गेला, तर लगेच इम्प्लांटचा आग्रह धरू नये. जबडा वाढत राहतो, शेजारचे दात त्याच्यासोबत सरकतात, परंतु हाडात रुतलेला इम्प्लांट जागीच राहतो. काही वर्षांनी तो दात आखूड, आत ओढल्यासारखा दिसतो. वाढ पूर्ण होईपर्यंत तात्पुरता दात किंवा शेजारच्या दाताला चिकटवलेला ब्रिज हाच शहाणपणाचा मार्ग. आणि पक्का दात मुळासकट निखळला असेल, तर त्याचे मूळ न चोळता, दात दुधात ठेवून शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोहोचावे. तो पुन्हा बसवता येण्याची शक्यता असते.

आता माझ्या शाखेचे काम. मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम भरण्यास उशीर होतो आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते, म्हणून एचबीए१सी आधी तपासून घ्यावे. विडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री यांनी हिरडीची आणि हाडाची हानी होते. हाडे ठिसूळ झाल्यामुळे बिस्फॉस्फोनेट गोळ्या वा इंजेक्शने चालू असतील, हृदयाची कृत्रिम झडप असेल, तर दंतवैद्याला अवश्य सांगावे. रक्त पातळ करणारी औषधे मात्र कोणाच्याही ऐकीव सल्ल्यावरून बंद करू नयेत. हिरड्यांतून रक्त येत असल्यास आधी त्यांचा उपचार करून घ्यावा.

सिरॅमिकला कीड लागत नाही, यामुळे अनेकांची गैरसमजूत होते. दाताला कीड लागली नाही तरी त्याभोवतीची हिरडी सुजू शकते आणि दुखण्याविना हाड झिजू शकते. मऊ ब्रश, दातांमधली फटीची सफाई आणि दर सहा महिन्यांनी तपासणी, हा नियम आयुष्यभराचा. इम्प्लांट परवडत नसेल किंवा योग्य नसेल, तर ब्रिज व काढता येणारा दात हे सन्मान्य पर्याय आहेत, हेही विसरू नये.

शेवटी, बसवलेल्या इम्प्लांटची कंपनी, आकार आणि तारीख लिहून घ्या आणि तो कागद घरच्या वैद्यकीय कागदपत्रांत ठेवा. दहा वर्षांनी, दुसऱ्या गावी, स्क्रू सैल झाला तर समोरच्या दंतवैद्याला तोच कागद वाट दाखवील.