वामन, प्रेषित, भस्मासूर : मराठी विज्ञानकादंबरीने देवादिकांची नावे घेतली, श्रद्धा मात्र दाराबाहेर ठेवली

१/
ग्रंथालयातील मराठी विज्ञानसाहित्याच्या कपाटासमोर उभे राहून केवळ नावे वाचावीत. ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘अंतराळातील भस्मासूर’ ही जयंत नारळीकरांची पुस्तके. ‘देवांसि जिवे मारिले’ हे लक्ष्मण लोंढे आणि चिंतामणी देशमुख यांचे. अनभिज्ञ वाचकाला हा पुराणकथांचा विभाग वाटला, तर त्यात त्याचा दोष नाही.

२/
परंतु याच कपाटात ज्याची श्रद्धा कथेच्या केंद्रस्थानी आहे असा माणूस शोधू लागल्यास हाती फारसे लागत नाही. खुनाचा तपास, प्रेमकथा आणि श्रद्धेचा पेच हे तिन्ही एकत्र नांदवणारी विज्ञानकादंबरी तर मराठीत अतिशय विरळ. अशा मिश्रणाला ‘भेसळ’ म्हणण्याची सवय मराठी वाचकाला लागली आहे. ही सवय जेमतेम पन्नास वर्षांची आहे, तिला ठरावीक ऐतिहासिक कारणे आहेत, आणि ती आता सोडून द्यावी, असे प्रतिपादन या धाग्यात आहे.

३/
आरंभ १८५७ पासून करावा लागतो. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ त्या वर्षी प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. तिच्यात प्रवासवर्णन आहे, विधवांच्या हालअपेष्टांची जवळजवळ सर्वेक्षणासारखी नोंद आहे, पतिपत्नींचे प्रेम आहे आणि लेखकाने स्वतः स्वीकारलेल्या ख्रिस्ती श्रद्धेचा उघड पुरस्कारही आहे. सामाजिक वास्तव, प्रेम आणि धर्म हे तिन्ही धागे पहिल्याच मराठी कादंबरीत एकत्र विणलेले आहेत.

४/
पुढे १८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. तिच्यात खलपुरुषांची कारस्थाने, संकटांची मालिका आणि पातिव्रत्याची कसोटी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी गो. ना. दातारशास्त्री यांनी ‘इंद्रभुवनगुहा’, ‘कालिकामूर्ति’ यांसारख्या कादंबऱ्यांतून रहस्य, साहस आणि दैवतांचे गूढ यांचा मेळ घातला. अनेक पिढ्यांनी ती पुस्तके रात्र रात्र जागून वाचली. त्या वाचकांना मिश्रण खटकले नाही. ते त्यासाठीच पुस्तक उघडत होते.

५/
हा वाचक कोठे घडत होता, हेही पाहावे. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोहोचली आणि थळ घाट चढून १८६५ मध्ये इगतपुरीला गेली. दरम्यान १८६४ मध्ये कल्याणात सार्वजनिक वाचनालय उभे राहिले. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे. टिटवाळा आणि वाशिंद यांच्या मधले खडवली याच लोहमार्गावरचे स्थानक. यंत्रयुगाचा लोखंडी रस्ता आणि फिरत्या पुस्तकांचा व्यवहार या टापूत जवळजवळ एकाच दशकात आले.

६/
विज्ञानकथाही मराठीत प्रथम आली ती अद्भुताची सखी म्हणूनच. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० मध्ये ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे रूपांतर ‘चंद्रलोकाची सफर’ या नावाने येऊ लागले. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणून बसवले. हा प्रवास रंजनाचा होता. विज्ञान शिकवण्याची जबाबदारी त्याच्या डोक्यावर अद्याप कोणी ठेवली नव्हती.

७/
ती जबाबदारी आली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिने पुढे विज्ञानकथा स्पर्धा सुरू केल्या. १९७४ च्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या लेखकाच्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिले पारितोषिक मिळाले. नावाची आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर प्रकट होतात. परीक्षकांवर नावाचे दडपण येऊ नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले होते आणि हस्ताक्षरही पत्नीचे वापरले होते.

८/
काळ लक्षात घ्यावा. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या साहित्यप्रकाराची दखल घेतली. लगेच १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. विज्ञानकथेला प्रतिष्ठा आणि कर्तव्य ही दोन्ही एकाच सुमारास मिळाली. कर्तव्य अंगावर घेतलेला साहित्यप्रकार श्रद्धेकडे सहसा दोनच नजरांनी पाहतो : उघडी पाडायची अंधश्रद्धा म्हणून, किंवा उसने घ्यायचे रूपक म्हणून.

९/
दुसरे कारण आकाराचे. स्पर्धा आणि दिवाळी अंक यांना हवी असते लघुकथा. लघुकथा एका कल्पनेवर उभी राहते : कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, यंत्राला जाणीव येते, हवामान बदलते. खुनाच्या तपासाला मात्र अनेक संशयित लागतात, प्रेमाला सहवास लागतो आणि श्रद्धा डळमळण्यासाठी काळ जावा लागतो. हे सारे मावते ते कादंबरीत. मराठी विज्ञानसाहित्य प्रामुख्याने कथेत वाढले, म्हणून त्याच्यातील माणसे बहुधा कल्पनेची वाहक राहिली.

१०/
तिसरे कारण प्रतिष्ठेचे. रहस्यकथेचे मराठीतील घर म्हणजे बाबूराव अर्नाळकरांचे ‘झुंजार’ आणि ‘काळापहाड’. एक हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाने लाखो हातांना वाचण्याची सवय लावली, तरीही समीक्षेने त्याला ओसरीवरच बसवले. नव्याने मान मिळवू पाहणाऱ्या विज्ञानकथेने अशा शेजाऱ्याशी घरोबा टाळला, यात नवल नाही. त्याची किंमत मात्र मोजावी लागली. पुरावा, संशय, तर्क आणि निष्कर्ष ही विज्ञानाची पद्धत सामान्य वाचकाच्या अंगवळणी पाडणारा प्रकार रहस्यकथाच होता.

११/
या भिंतीला खिंडार पाडणारा लेखक म्हणजे नारायण धारप. ते रसायनशास्त्राचे पदवीधर. त्यांनी ‘नेनचिम’सारखी विज्ञानकादंबरी लिहिली आणि ‘समर्थ’ या व्यक्तिरेखेभोवतीच्या कथांची मालिकाही. समर्थांकडे लोक संकट घेऊन येतात. ते हकिकत ऐकून घेतात, खुणा तपासतात, कारण शोधतात आणि मग आत्मिक बळाने अमंगळाला सामोरे जातात. तपासाचा सांगाडा आणि श्रद्धेचा प्राण असे ते रूप आहे. समीक्षेने त्यावर ‘भयकथा’ अशी चिठ्ठी डकवली आणि विषय मिटवला.

१२/
नारळीकरांच्या शीर्षकांकडे आता पुन्हा वळावे. ‘वामन परत न आला’मध्ये उत्खननात एका लुप्त, प्रगत संस्कृतीची पेटी सापडते आणि तिच्यातील ज्ञानातून वामन नावाचा यंत्रमानव घडतो. लहान, निरुपद्रवी भासणारी मूर्ती थोडेसे मागते आणि सर्वस्व व्यापते, ही बळीच्या कथेतील भीती कादंबरीचा कणा आहे. ‘प्रेषित’ हा शब्द मराठीत ईश्वराचा संदेश आणणाऱ्यासाठी रूढ आहे. तेथे तो परग्रहावरून आलेल्यासाठी योजला आहे.

१३/
म्हणजे श्रद्धा दाराबाहेर ठेवली, तरी तिची भाषा घरात वावरत राहिली. मराठी वाचकाच्या मनातील भय, आशा आणि अपराधभाव यांची नावेच त्या भाषेत आहेत. नारळीकरांसारख्या कठोर बुद्धिवादी लेखकाला, ज्यांनी फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणीही घेतली, शीर्षकासाठी वामनाचे बोट धरावे लागले. ही लेखकाची विसंगती नव्हे. वाचकाशी बोलण्याचा जवळचा रस्ता कोणता, याची ती अचूक जाण होती.

१४/
जगात हा प्रयोग कसा साधला, याचे उत्तम उदाहरण म्हणजे आयझॅक असिमॉव्ह यांची ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ (१९५४). विज्ञानकथेत रहस्यकथा जमणार नाही, असे संपादक जॉन कॅम्पबेल यांचे मत होते. गुप्तहेर ऐनवेळी खिशातून नवे यंत्र काढून वाचकाला फसवेल, ही त्यांची शंका. असिमॉव्ह यांनी यंत्रमानवाचे नियम आरंभीच वाचकासमोर मांडले आणि त्या चौकटीतच खुनाचा उलगडा केला.

१५/
त्या कादंबरीतील गुप्तहेर बेली याला बायबल ठाऊक आहे. नियमाबाहेर विचार न करणाऱ्या आपल्या यंत्रमानव सहकाऱ्याला तो येशू आणि दोषी ठरवलेली स्त्री यांची कथा सांगतो. न्यायाहून मोठे काही असू शकते, हे त्या यंत्राला प्रथम तेथे कळते आणि शेवटी गुन्हेगाराशी वागताना त्याला त्याच कथेची आठवण होते. असिमॉव्ह स्वतः निरीश्वरवादी होते. पुढच्या ‘द नेकेड सन’मध्ये त्यांनी प्रेमाचा धागाही आणला : जेथे माणसे एकमेकांसमोर प्रत्यक्ष येणेही टाळतात, अशा ग्रहावरील खून आणि तेथील एका स्त्रीचे एकाकीपण.

१६/
यावर एक गंभीर आक्षेप आहे. श्रद्धेला विज्ञानकथेत घेतले की ‘हे सारे आमच्या पुराणांत होतेच’ असे म्हणणाऱ्यांना रान मोकळे मिळेल. भीती निराधार नाही. एरिक फॉन डॅनिकेनच्या १९६८ च्या पुस्तकाने देव म्हणजे परग्रहवासी अशी समजूत जगभर पसरवली आणि मराठी वाचकही तिला भुलला. इतिहासाच्या अभ्यासकांना त्याचा उपद्रव आजही होतो. एखादे लेणे दाखवले की कोणीतरी विमानाचा धावपट्टा शोधू लागतो.

१७/
तथापि या आक्षेपातच त्याचे उत्तर आहे. डॅनिकेन श्रद्धेला पुरावा म्हणून उभी करतो. असिमॉव्ह तिला माणसाचा स्वभाव म्हणून उभी करतो. कथेतील एखादे पात्र विठ्ठलावर विश्वास ठेवते, म्हणून खुनाचा उलगडा विठ्ठलाने करावा असे नाही. उलगडा पुराव्यानेच व्हावा. परंतु साक्षीदार खरे का बोलला, गुन्हेगाराला झोप का लागली नाही, मृताच्या आईने क्षमा का केली किंवा का केली नाही, याची उत्तरे प्रयोगशाळेतून येत नाहीत. रहस्यकथेचा नियम येथे राखणदाराचे काम करतो, कारण अप्रामाणिक पुरावा तिचा वाचक खपवून घेत नाही.

१८/
हा प्रश्न निव्वळ वाङ्मयीन नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. १० मे २०२४ रोजी विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली आणि तिघांना निर्दोष मुक्त केले. श्रद्धा, विवेक आणि हत्या यांची गाठ महाराष्ट्राच्या वास्तवात पडून बराच काळ लोटला आहे. न्यायालय गुन्हा ठरवते. त्या गुन्ह्यामागचे मन आणि त्याच्या भोवतीचा समाज उलगडणे हे कादंबरीचे काम आहे. ज्या समाजात हे घडले, त्याच्या विज्ञानकादंबरीने श्रद्धेला केवळ शीर्षकापुरते वापरावे, हे अपुरे आहे.

१९/
सामग्रीची वाण तर मुळीच नाही. खडवलीचेच पाहावे. गावाला लागून भातसा वाहते. शहापूर तालुक्यातील भातसा धरणाचे पाणी याच नदीतून खाली येते, पिसे येथे उचलले जाते आणि मुंबईची सुमारे निम्मी तहान भागवते. शेजारच्या टिटवाळ्याला अंगारकीच्या दिवशी महागणपतीसमोर रांगा लागतात. रेल्वे, महानगराचे पाणी, यंत्रांची नोंद आणि भाविकांची गर्दी एवढ्याशा टापूत एकवटली आहे.

२०/
आता कल्पना करावी. साल २०७०. नदीकाठी एक मृतदेह. पाण्यावर पहारा देणाऱ्या यंत्रणेची नोंद एक सांगते आणि पहाटे स्नानाला आलेल्या वृद्धेची साक्ष दुसरेच. तपास करणारी अभियंता नास्तिक. तिचे ज्याच्यावर प्रेम आहे तो त्या वृद्धेचा नातू. यंत्र खोटे बोलत नाही आणि वृद्धाही नाही. मग चूक कोठे आहे? या प्रश्नात विज्ञान, खून, प्रेम आणि श्रद्धा यांपैकी एकही गोष्ट काढून टाकली, तर कथा कोसळते.

२१/
नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. विज्ञानकथेसाठी त्यांनी आणि त्यांच्या पिढीने प्रतिष्ठा मिळवली. ती मिळवताना काही सोबती मागे ठेवावे लागले, हे त्या काळाच्या दृष्टीने समजण्याजोगे आहे. आता तो मान सिद्ध आहे. अर्नाळकरांना ओसरीवरून आत बोलवायला, धारपांवरची चिठ्ठी काढून त्यांना नव्याने वाचायला आणि ‘यमुनापर्यटन’ला केवळ परीक्षेच्या टिपणांतून सोडवायला आता काही हरकत नसावी. ज्या भाषेतील पहिलीच कादंबरी मिश्र होती, तिच्या विज्ञानकादंबरीला शुद्धतेचे सोवळे शोभत नाही.