बेस ॲम्पला माइक लावायचा, की थेट मिक्सरला जोडायचं?

गेल्या काही वर्षांत लाइव्ह शोच्या स्टेजवरचे मोठे ॲम्प कमी होताना दिसतायत. हेलिक्स, क्वाड कॉर्टेक्ससारखी उपकरणं ॲम्पचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये तयार करून थेट मिक्सरला देतात. मग बेस ॲम्पसमोर माइक ठेवायची गरज उरली आहे का? आणि ठेवायचाच, तर कोणता?

मी नोकरी सांभाळून बेस वाजवतो. एका कॉलेजच्या कार्यक्रमात साउंडवाल्याने हाताशी असलेला गाण्याचा माइक माझ्या ॲम्पसमोर ठेवला. स्टेजवर मला सगळं मस्त ऐकू येत होतं. नंतर व्हिडिओ पाहिला, तर बेसची नुसती टकटक!

असं का झालं? चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, पाच तारांच्या बेसचा सुमारे ३१ चा. गाण्याचे माइक खालचा भाग मुद्दाम कमी उचलतात. शुअर एसएम५८ ची अधिकृत मर्यादाच ५० हर्ट्झपासून सुरू होते. बीटा ५२ए ची मात्र २० पासून.

बीटा ५२ए किंवा एकेजी डी११२ हे खरं तर किक ड्रमचे माइक, पण बेसलाही चालतात. बहुतेक साउंडवाल्यांकडे अशा प्रकारचा एखादा माइक असतोच. अडचण एकच: छोट्या हॉलमध्ये आवाज घुमू शकतो. इलेक्ट्रो-व्हॉइस आरई२० स्पीकरच्या जवळ नेला तरी खालचा आवाज फारसा फुगवत नाही, पण तो महाग आहे.

मात्र माइकच्या आधी डीआय बॉक्स हवा. तो बेसचा सिग्नल थेट मिक्सरला देतो, त्यामुळे त्यात शेजारच्या ड्रमचा आवाज शिरत नाही आणि शिट्टीही वाजत नाही. त्यात स्पीकरचा स्वतःचा रंग तेवढा नसतो. तो हवा असेल तरच जोडीला माइक लावा.

दोन्ही एकत्र वापरताना एक गोष्ट विसरू नका. आवाजाला ३४ सेंटीमीटर जायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. माइक तेवढा लांब असला, तर ५०० हर्ट्झच्या आसपास दोन सिग्नल एकमेकांना मारतात आणि बेस पोकळ वाटतो. म्हणून माइक जाळीच्या अगदी जवळ ठेवा. डिजिटल मिक्सर असेल, तर डीआयला तेवढाच डिले द्या. नसेल, तर पोलॅरिटीचं बटण दाबून बघा आणि जे भरीव वाटेल ते ठेवा.

आणि ॲम्पच नसेल तर? तरी निवड चुकत नाही. या उपकरणांमध्ये कॅबिनेट निवडल्यावर पुढचा प्रश्न असतो: माइक कोणता, किती अंतरावर? कारण तो आवाजही मुळात कुणीतरी खऱ्या स्पीकरसमोर खरा माइक ठेवूनच टिपलेला असतो. माइक गेलेला नाही, तो मेनूत जाऊन बसलाय.

म्हणून बजेट कमी असेल, तर पहिले पैसे डीआय बॉक्सवर घाला. माइक साउंडवाल्याकडून मागता येतो, फक्त नाव सांगून मागा.