एकवीस हजारांचं खोटं

महाराष्ट्र सरकारच्या लेखी गरीब कोण, हे तुमच्या वयावर ठरतं. बाई ६४ वर्षांची असेल आणि घराचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर ती 'लाडकी बहीण'. महिना १,५०० रुपये. तिला ६५ पूर्ण झाली की ती त्या योजनेतून बाहेर पडते आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेच्या दारात येऊन उभी राहते. रक्कम तीच, १,५०० रुपये. पण दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर इथे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं.

अडीच लाख आणि एकवीस हजार. मधे फक्त एक वाढदिवस. त्या एका रात्रीत बाईचं घर श्रीमंत झालं का? की ६५ नंतर औषधं स्वस्त होतात?

एकवीस हजार म्हणजे किती, ते जरा मांडून बघा. अख्ख्या कुटुंबाला महिन्याला १,७५० रुपये. २०२५-२६ साली राज्यातला रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने घरातल्या एकाच माणसाने ६८ दिवस खड्डे खणले की ही मर्यादा ओलांडली जायची. रोजगार हमीचे शंभर दिवस पूर्ण भरले तर ३१,२०० रुपये व्हायचे. म्हणजे एक सरकारी योजना प्रामाणिकपणे पूर्ण केलेलं घर दुसऱ्या सरकारी योजनेच्या हिशेबात सुखवस्तू ठरतं.

आणि गंमत अशी की याच सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. वय तेच, ६५ आणि पुढे. चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसाठी एकदाच ३,००० रुपये. तिथे उत्पन्नाची मर्यादा दोन लाख. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी केंद्राने ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड देऊ केलं, तिथे उत्पन्न विचारतच नाहीत. एकच म्हातारा माणूस एका खिडकीवर गरीब, दुसऱ्या खिडकीवर श्रीमंत आणि तिसऱ्या खिडकीवर नुसता म्हातारा. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आमच्याकडे एकाच प्रॉडक्टमध्ये अशी तीन वेगवेगळी उत्तरं निघाली तर त्याला बग म्हणतात आणि कुणाला तरी रात्री बसून तो काढावा लागतो.

आता हा बग माणसाचं काय करतो ते सांगतो. माझे बडे अब्बा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी टेलर होते. शाळेचे गणवेश, शेरवान्या, ईदच्या आधी दोन-दोन रात्री जागून शिवलेले पठाणी. नजर गेली, मशीन बंद झालं. मुलगा रिक्षा चालवतो. कुणीतरी सांगितलं म्हणून ते श्रावणबाळचा अर्ज करायला उत्पन्नाचा दाखला काढायला गेले. काउंटरवरच्या पोराने नीट, अगदी आदराने सांगितलं, "चाचा, एकवीस हजार लिहा. सगळे तेच लिहितात." बडे अब्बांनी विचारलं, मुलगा महिन्याला आठ-नऊ हजार आणतो, मग वर्षाचे एकवीस कसे? पोरगा हसला. ते कागद घेऊन घरी आले. मी फोनवर समजावायला गेलो तर मला म्हणाले, "बेटा, झूट पे दस्तखत कैसे करूं? इस उमर में?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. अर्ज भरलाच नाही.

काउंटरवरच्या पोराला मी दोष देत नाही. त्याला ठाऊक आहे, तलाठ्याला ठाऊक आहे, तहसीलदाराला ठाऊक आहे आणि मंत्रालयात बसून हा आकडा वर्षानुवर्षं तसाच ठेवणाऱ्यांनाही ठाऊक आहे की आजच्या महाराष्ट्रात २१,००० रुपयांत वर्ष काढणारं कुटुंब शोधून सापडणार नाही. तरीही तो आकडा लिहिलेले दाखले रोज निघतात. सत्तरीच्या माणसाला खोटं लिहायला लावल्याशिवाय पेन्शन मिळत नाही, आणि ज्याला ते जमत नाही तो घरी परत जातो. शिवाय हे खोटं त्याच्या नावावर कायमचं पडून राहतं. उद्या कुणाला तपासणी काढायची लहर आली तर 'अपात्र लाभार्थी' म्हणून छापलं जाणार ते त्याचं नाव, आकडा ठरवणाऱ्याचं नाही.

उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय चालत नाही, असं कुणी सांगेल तर ऐकून घेऊ नका. लाडकी बहीण योजनेत पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही असं सरकारनेच ठरवलं होतं. निवडणूक तोंडावर होती, म्हणून काही महिन्यांत दोन कोटींहून जास्त बायकांच्या खात्यात पैसे गेले. म्हणजे सर्व्हर आहे, यादी आहे, माणसं आहेत, इच्छाही होते. फक्त म्हाताऱ्यांसाठी होत नाही.

इथे आपल्यातलेच काही जण मान हलवतात. आपल्याकडे आईबापांची खिदमत हा फर्ज आहे, सरकारपुढे हात कशाला पसरायचा, म्हातारपणाची पेन्शन वगैरे ज्यांची पोरं परदेशात जातात त्यांच्यासाठी. मशिदीबाहेर, लग्नात, व्हॉट्सॲपवर हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता चिडायचंही सोडून दिलंय. तरी एकदा विचार करा. भिवंडीत किंवा मालेगावात लूमवर आठवड्याच्या पगारावर राबणारा मुलगा, त्याची तीन पोरं, भाड्याची खोली. त्याच्या अम्मीला रक्तदाबाची गोळी संपली हे सांगायला दोन दिवस लागतात, कारण शनिवारी पगार होईपर्यंत त्याच्याकडे नाहीत हे तिला माहीत असतं. ती गोळी अर्धी करून खाते. महिन्याचे पंधराशे तिच्या स्वतःच्या खात्यात आले तर खिदमत कमी होणार आहे का? उलट नातवाच्या हातावर दहा रुपये ठेवता येतील. लूमवर, विडीवर, शिलाईवर, हमालीवर चाळीस-पन्नास वर्षं घालवलेल्या या लोकांना ना भविष्यनिर्वाह निधी मिळाला ना ग्रॅच्युइटी. ही रक्कम रमजानच्या रेशन किटसारखी खैरात नाही. त्यांच्या मजुरीवर हे राज्य उभं राहिलं, त्यातलं थोडं परत येतंय.

फर्जाची आठवण सरकारलाही असतेच म्हणा. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे. त्यानुसार म्हातारे आईबाप पोराला न्यायाधिकरणापुढे उभं करू शकतात, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत चरितार्थ मागू शकतात. कायदा चांगला आहे, तो असावाच. पण रिक्षावाल्या पोराकडून दहा हजारांपर्यंत वसूल करायची तयारी असलेलं सरकार स्वतःच्या वाट्याचे पंधराशे देताना त्याच पोराची कमाई पुढे करून दार लावून घेतं, हे मला पचत नाही. शिवाय त्या कायद्यात ज्येष्ठ नागरिक साठीला होतो. श्रावणबाळसाठी पासष्टीला. एसटीत पूर्ण मोफत प्रवासासाठी पंच्याहत्तरीला.

एसटीचं मात्र कौतुक करावंसं वाटतं. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. म्हातारी बसमध्ये चढते, ओळखपत्र दाखवते, कंडक्टर तिकीट फाडतो, बस सुटते. अर्ज नाही, समिती नाही, उत्पन्न नाही. याच राज्यात, याच सरकारी नोकरांकडून हे होतं.

श्रावणबाळचा आणि संजय गांधी निराधारचा अर्ज मात्र तालुक्याच्या समितीपुढे जातो. तिचा अध्यक्ष अशासकीय, म्हणजे पालकमंत्र्यांच्या मर्जीतला. सरकार बदललं की समित्या जातात, नव्या यायला वेळ लागतो, आणि ज्या वॉर्डाने 'चुकीकडे' मत दिलं त्या वॉर्डातले अर्ज कसे पुढे सरकतात हे मोहल्ल्यात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. वय आणि रेशन कार्ड तपासायला पुढाऱ्याची समिती कशाला लागते? हे काम कॉम्प्युटरचं आहे आणि तहसीलदाराच्या सहीचं.

आता नावांचा मुद्दा. हा माझ्या रोजच्या कामाचा आहे, त्यामुळे जरा लांबेल.

समजा एका बाईचं नाव रेशन कार्डवर 'रहिमाबी महेबूब शेख', आधारवर 'शेख राहीमाबी मेहबूब' आणि बँकेत 'रहीमबी शेख' आहे. पैसे आता आधारशी जोडलेल्या खात्यातच जातात, त्यामुळे तिन्ही नावं जुळायला हवीत. मराठी ऱ्हस्व-दीर्घ वेगळं, इंग्रजी स्पेलिंग चार प्रकारचं, आधार नोंदवताना सॉफ्टवेअरने इंग्रजीवरून आपोआप केलेलं मराठी तर विचारूच नका. आडनाव आधी की नंतर, 'बी' जोडून की सुटं, 'मोहम्मद' पूर्ण की 'मो.' टिंब देऊन. सगळी नावं एकाच बाईची, हे शेंबडं पोर सांगेल. पण सिस्टीमला अक्षर न् अक्षर जुळलेलं हवं. मग ती बाई प्रतिज्ञापत्र करते, नावदुरुस्तीला रांग लावते, कुणीतरी राजपत्राचा रस्ता दाखवतो, एजंट पैसे घेतो. हे फक्त आपल्या बायकांचं होतं असं नाही. पार्वतीबाईची पारूबाई झालेली आजी पण त्याच रांगेत असते. आपल्या नावांचे प्रकार जास्त, म्हणून आपली रांग लांब, एवढंच.

आम्ही दोन याद्या जुळवतो तेव्हा 'शेख' आणि 'शेक' एकच असू शकतात हे प्रोग्रॅमला आधी शिकवतो. उच्चारावरून जुळवायच्या पद्धती कित्येक दशकं जुन्या आहेत, त्यात काही शोध लावायचा नाही. नाव ऐंशी टक्के जुळलं, पत्ता तोच, वय तेच, नवऱ्याचं नाव तेच, तर प्रकरण एका माणसापुढे ठेवायचं, त्याने बाईकडे बघून सही करायची, विषय संपला. तहसील कार्यालयात असा अधिकार असलेला एक माणूस द्या. कोट्यवधींचं टेंडर नको.

जन्मतारखेचंही तसंच. त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जानेवारी, उरलेल्यातल्या शाळेत गेलेल्यांचा १ जून, कारण मास्तरांनी तो लिहिला. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं, शाळेच्या दाखल्याला वजन दिलं. पण जी बाई शाळेची पायरीच चढली नाही तिने काय आणायचं? तिच्यासाठी मतदारयादीतलं वय आणि सरकारी डॉक्टरचा अंदाज पुरेसा धरावा, आणि संशय आला तर दोन वर्षं इकडेतिकडे झाली म्हणून राज्य बुडत नाही.

आणि हयातीचा दाखला. वर्षातून एकदा माणसाने आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांना २०१४ पासून जीवन प्रमाण आहे, २०२१ पासून तर मोबाईलवर चेहरा दाखवून काम होतं. निराधार म्हाताऱ्याला मात्र रिक्षा करून जायचं आणि झिजलेली बोटं मशीनवर पुन्हा पुन्हा दाबायची. कापूस वेचून, विड्या वळून, भांडी घासून ज्यांची बोटं गुळगुळीत झाली त्यांचीच बोटं मशीन ओळखत नाही. मुळात मृत्यूची नोंद ठेवणं हे सरकारचंच काम आहे, १९६९ पासून त्याचा कायदा आहे. कोण मेलं ते सरकारने आपल्याच रजिस्टरात बघावं. जिवंतांना कशाला बोलावता?

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न येणारच. इतर राज्यांनी कुठून आणला? आंध्रात जुलै २०२४ पासून महिना ४,००० रुपये आहेत आणि कर्मचारी घरी जाऊन हातात देतो. राजस्थानने २०२३ च्या कायद्यात पेन्शन दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढेल असं लिहून ठेवलं. केंद्राचा वाटा तर लाजिरवाणा आहे, ऐंशीच्या आतल्यांसाठी महिन्याला २०० रुपये, हे महाराष्ट्राने दिल्लीत ठणकावून सांगायला हवं. आपले पंधराशे २०२३ पासून तिथेच आहेत. तेवढ्या काळात कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता किती वेळा वाढला ते मोजा.

माझी मागणी लहान आहे. श्रावणबाळची मर्यादा अडीच लाख करा आणि पिवळं-केशरी रेशन कार्ड पुरेसं धरा. लाडकी बहीणच्या यादीतली बाई ज्या महिन्यात ६५ ची होईल, त्याच महिन्यात तिचं नाव आपोआप श्रावणबाळमध्ये जाऊ द्या. तिची जन्मतारीख, खातं, रेशन कार्ड सगळं सरकारकडे आहेच. हे करायला एक जीआर लागेल आणि एक प्रोग्रॅम. प्रोग्रॅम मी शनिवार-रविवारमध्ये फुकट लिहून देतो.

पुढचं अधिवेशन येण्याआधी तुमच्या आमदाराला, तो कुठल्याही पक्षाचा असो, हा एकच प्रश्न लेखी पाठवा: ६४ व्या वर्षी अडीच लाख आणि ६५ व्या वर्षी एकवीस हजार, हे कुणी ठरवलं? सोबत तुमच्या गल्लीतल्या पासष्टीवरच्या माणसांची यादी जोडा, ज्यांनी अर्ज केला, ज्यांचा फेटाळला आणि ज्यांनी बडे अब्बांसारखा भरलाच नाही, अशी तीन रकान्यांत. तिसरा रकाना सगळ्यात लांब निघेल असा माझा अंदाज आहे.