फॉरवर्ड करताना नाव गळतं



सोयाबीन पिवळं पडायला लागलं की ग्रुपवर पूर येतो. एका मागोमाग एक पिवळ्या पानांचे फोटो, आणि फोटोखाली औषधांची नावं. पाच मिनिटं होत नाहीत तोवर चार जणांनी चार बाटल्या सुचवलेल्या असतात. ज्या उत्तराला जास्त अंगठे पडले ते संध्याकाळपर्यंत पंपात गेलेलं असतं. आज या अंगठ्यांबद्दलच बोलायचंय. काहींना राग येईल, येऊ द्या.

पिवळं सोयाबीन हा काही एक रोग नाही. चुनखडीच्या रानात पिकाला लोह मिळत नाही, तेव्हा वरची कोवळी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्याच राहतात. पाणी साचून वाफसा मोडला की मुळं गुदमरतात आणि सखल भागातला पट्टाच्या पट्टा पिवळा दिसतो. मोझॅक असेल तर पानावर हिरवे-पिवळे चट्टे येतात, आणि तो पसरवते पांढरी माशी. पहिल्याला फेरस सल्फेटची फवारणी लागते. दुसऱ्याला बाटली नाही, फावडं लागतं, चर काढून पाणी बाहेर घालवायला. तिसऱ्याला रोगट झाडं उपटून नष्ट करायची आणि माशीचा बंदोबस्त करायचा. भर दुपारच्या उन्हात, उभ्यानं काढलेल्या फोटोत हे तिन्ही जवळपास सारखेच दिसतात. मग त्याखाली "हे मारा, हमखास रिझल्ट" लिहिणाऱ्याला दोनशे लाईक कशाचे? देणाऱ्यांपैकी कुणी ते रान पाहिलंय? माती कसली, पाऊस कधी झाला, पिवळेपणा वरच्या पानावर की खालच्या, एकानं तरी विचारलं?

यावर ठरलेलं उत्तर येतं, "एवढ्या लोकांनी शेअर केलंय म्हणजे काहीतरी तथ्य असणारच." काय राव! शेअर करायला एक बोट लागतं. शेअरच्या आकड्यावरून फार तर एवढं कळतं की तीच काळजी किती जणांना लागलीय. उपाय लागू पडला का, हे त्यातून कळत नाही, कारण शेअर करणाऱ्यानं बहुतेक वेळा अजून तो करूनच पाहिलेला नसतो.

त्याहून वाईट म्हणजे फॉरवर्ड करताना नाव गळतं. मूळ मेसेज कुणीतरी स्वतःच्या रानाविषयी लिहिलेला असतो. अमुक गाव, अमुक वाण, एका पंपाला इतके मिली. तो चार ग्रुप फिरून आपल्याकडे येतो तेव्हा गाव गेलेलं, तारीख गेलेली, माणूस गेलेला, फक्त मात्रा उरलेली. आता पंप कुठला धरायचा? पंधरा लिटरचा की वीसचा? साधा की पेट्रोलचा? पेट्रोल पंपाला एकरी पाणी कमी लागतं, म्हणून पंपामागची मात्रा बदलते. विचारायचं कुणाला? पाठवणारा म्हणतो, "मला पण आलं होतं." व्हॉट्सॲपनं 2018 साली भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, तीही अफवांपायी माणसं मारली जाऊ लागल्यावर. दोन बाणांची खूण असलेला मेसेज 2020 पासून एका वेळी एकाच ठिकाणी जातो. आपण मात्र ते दोन बाण शिफारशीच्या शिक्क्यासारखे वाचतो.

यवतमाळ आठवा. 2017 साली कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते मोबाईलमुळे झालं असं मी म्हणत नाही. पण दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारण्याची सवय किती महागात पडते हे त्या वर्षी सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. तरीही अशा मिश्रणांचे व्हिडिओ आजही जोरात चालतात. बादलीत कालवणाऱ्याच्या हातात हातमोजे नसतात आणि खाली लोक "धन्यवाद दादा" लिहितात.

आता कुणी म्हणेल, मग मोबाईल फेकून द्यायचा का? अजिबात नाही. त्याच 2018 मध्ये मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. ही ओळख एका फोटोत मावते, आणि ती गावोगाव फिरली ते बरंच झालं. डोळ्यानं पारखता येईल ते खुशाल फिरवा. मात्रा फिरवू नका.

आणि मोबाईलवर औषध शोधण्यापेक्षा माणूस शोधा. रुंद सरी वरंब्याचं पेरणी यंत्र भाड्यानं देणारा मला शेजारच्या तालुक्यात व्हिडिओवरच सापडला. घरचं बियाणं नीट राखणारे तीन शेतकरी असेच ओळखीचे झाले. मी त्यांच्या रानात जाऊन आलो, ते माझ्या रानात येऊन गेले.

या पानाचा हिशोब मी वहीत ठेवतो. पोळ्याला बैलांचा फोटो टाकला की लाईक मोजता येत नाहीत. उगवण चाचणीची पोस्ट टाकली, शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवा, सत्तरच्या खाली उगवले तर बियाणं वाढवा किंवा बदला, तिला जेमतेम चाळीस. पण त्या चाळिसातल्या अकरा जणांनी दाणे मोजून आकडा कळवला. वहीत मी हे अकरा लिहिले. बैलांचे लाईक लिहिले नाहीत. वहीत रकाने तीनच आहेत: प्रश्न किती जणांनी विचारला, बांधावर किती आले, हंगाम संपल्यावर काय झालं ते किती जणांनी सांगितलं. तिसरा रकाना कायम रोडका असतो, आणि मला किंमत त्याचीच.

साहेब लोकांनाही हे सांगायचंय. अहवालात "व्हिडिओ इतक्या हजारांनी पाहिला" लिहिता, पण फेसबुकच्या हिशोबात तीन सेकंद चालला तरी तो पाहिला धरतात. तीन सेकंदांत तर तुमचं "नमस्कार शेतकरी बंधूंनो"सुद्धा पुरं होत नाही. त्यापेक्षा असं लिहा की इतक्या जणांनी विचारलं आणि त्यातल्या इतक्यांना फवारणीची गरज नाही म्हणून परत पाठवलं. असा एक अहवाल दाखवा, मी स्वतः सगळ्या ग्रुपवर टाकतो, तुमच्या नावासकट.

या पानावर यापुढे कुणाचीही मात्रा नाव, गाव, वाण आणि पंपाच्या मापाशिवाय राहणार नाही, काढून टाकीन. आणि मागच्या हंगामात इथलं वाचून ज्यांनी काही केलं आणि ते फसलं, त्यांनी आधी लिहा. किती एकर, कुठली जमीन, काय झालं. लाईक नाही पडले तरी चालतील.